कार्यक्रम-सिद्धांत आधी लिहिलाच नसेल, तर मूल्यमापन नेमके कशाचे करायचे?

शोधयात्री

गेली काही वर्षे मी धोरणात्मक कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचे काम करतो. सध्याच्या एका कामात अडलो आहे. या क्षेत्रातले बरेच जण इथे लिहितात, म्हणून सविस्तर मांडतो.

प्राथमिक शाळेतील मुलांना गोष्टींची पुस्तके घरी न्यायला द्यायची, दर महिन्याला पालकांची बैठक घ्यायची आणि त्यातून मुलांची वाचनक्षमता वाढवायची, असा एक कार्यक्रम तीन वर्षे चालला. तो कोणत्या शाळांत राबवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते, त्यामुळे तुलनेत खोट काढता येत नाही. दोन्ही गटांतील मुलांच्या वाचनक्षमतेत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. निधी देणाऱ्यांनी आता एका ओळीत विचारले आहे की कार्यक्रम बंद करायचा की चालू ठेवायचा.

मला याचे उत्तर देता येत नाही. फरक पडला नाही हे कळले, पण का पडला नाही हे कळले नाही. पुस्तके मुलांच्या हाती पोहोचलीच नाहीत, की पोहोचली पण घरी उघडली गेली नाहीत, की उघडली पण सोबत बसून वाचणारे कोणी नव्हते, की हे सारे यथास्थित होऊनही या वाटेने वाचनक्षमता वाढतच नाही? चारही शक्यतांत आकडा तोच येईल, पण प्रत्येकीतून निघणारा निर्णय वेगळा असेल. कार्यक्रमामागची गृहीतके आधी लिहून काढावीत आणि एकेक कडी तपासत जावे, असा आग्रह मूल्यमापनाच्या अभ्यासक कॅरोल वाइस यांनी १९७२ सालीच धरला होता. त्याच विचाराला पुढे कार्यक्रम-सिद्धांत हे नाव रूढ झाले. आमच्या कागदपत्रांत एक लॉगफ्रेम, म्हणजे कामे आणि अपेक्षित परिणाम मांडणारा तक्ता, आहे. तीत वाटलेल्या पुस्तकांची संख्या आहे, झालेल्या बैठकांची संख्या आहे आणि शेवटच्या रकान्यात वाचनक्षमता आहे. मधला सारा रस्ता कोरा आहे.

निकाल हाती आल्यावर मागे जाऊन सिद्धांत लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल का? ठरत असेल, तर ते कसे करावे?

मध्यममान

माझे मत स्पष्ट आहे आणि ते कठोर वाटेल याची मला जाणीव आहे. निकाल पाहून लिहिलेला सिद्धांत निकालाशी जुळणारच, कारण तो जुळावा म्हणूनच लिहिलेला असतो. "फरक नाही" या निकालाची दहा स्पष्टीकरणे मी आत्ता बसल्या बैठकीला लिहून देऊ शकतो आणि दहाही पटण्यासारखी असतील. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेने तुम्हाला एक निर्विवाद उत्तर दिले आहे की हा कार्यक्रम, आहे त्या स्वरूपात, उपयोगी पडला नाही. तेवढे प्रामाणिकपणे सांगावे आणि थांबावे. मधल्या कड्यांविषयी बोलायचे असेल, तर पुढच्या वेळी त्या आधी लिहून कोणाकडे तरी जमा कराव्यात.

तर्कदीप

मध्यममान यांच्या पहिल्या वाक्याशी मी सहमत आहे, पण "थांबावे" या शब्दाशी नाही.

बांगलादेशातील एकात्मिक पोषण कार्यक्रमाचे उदाहरण आठवून पाहा. १९९५ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात मुलांची वजने घेणे, आईला आहाराविषयी समुपदेशन करणे आणि गरजू मुलांना पूरक आहार देणे, असे तीन भाग होते. जवळपास तशाच आखणीचा कार्यक्रम त्याआधी तमिळनाडूत चांगला चालला होता, तरीही बांगलादेशात मुलांच्या पोषणात अपेक्षित सुधारणा दिसली नाही. जागतिक बँकेच्या मूल्यमापन विभागाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही साखळी कडीकडीने तपासली गेली. समुपदेशन झाले होते आणि मातांचे ज्ञानही वाढले होते. मात्र बाजारहाट बहुधा घरातला पुरुष करत असे आणि एकत्र कुटुंबात कोणाच्या पानात काय पडावे हे सासू ठरवत असे. म्हणजे ज्या व्यक्तीला शिकवले तिच्या हाती निर्णय नव्हता. शिवाय केंद्रावर मिळालेला पूरक आहार काही घरांत जादा न ठरता नेहमीच्या जेवणाची जागा घेत होता.

"आईला कळले की मुलाला ते मिळेल" हे वाक्य मूळ आराखड्यात कोणी लिहिले नव्हते, कारण ते लिहावे असे कोणाला वाटलेच नाही. अभ्यासकांनी ते नंतर लिहिले, पण लिहून थांबले नाहीत. घराघरांतून जमवलेल्या माहितीवर ते पडताळून पाहिले. तेव्हा सिद्धांत नंतर लिहिला गेला हा दोष नाही. नव्याने पडताळला गेला नाही, तर तो दोष.

निळी शाई

लॉजिक मॉडेल, थिअरी ऑफ चेंज आणि कार्यक्रम-सिद्धांत या तिन्ही नावांनी माणसे एकच चित्र दाखवताना मी पाहिली आहेत: पाच चौकटी आणि चार बाण. चौकटींत मजकूर ठासून भरलेला असतो आणि बाण मोकळे असतात. माझ्या मते सिद्धांत बाणांत असतो. शोधयात्री, प्रत्येक बाणावर "कारण" या शब्दाने सुरू होणारे एक पूर्ण वाक्य लिहून पाहा. जिथे वाक्य सुचणार नाही, तिथूनच चौकशीला सुरुवात करा.

माजी प्रशासक

मी धोरणे आखणाऱ्या बाजूला बरीच वर्षे होतो, म्हणून तिकडचे चित्र सांगतो. मूल्यमापन करणारे येतात आणि विचारतात, "तुमच्या कार्यक्रमाचा सिद्धांत काय?" हा प्रश्न ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहत असू, कारण सिद्धांत एक नसतोच. मंजुरी देणाऱ्याच्या मनात एक असतो, आखणाऱ्याच्या मनात दुसरा आणि राबवणाऱ्याच्या मनात तिसरा. एका प्रशिक्षण योजनेच्या बैठकीत मी स्वतः हे अनुभवले आहे. वरिष्ठांच्या मते प्रशिक्षणामुळे कौशल्य वाढून रोजगार मिळणार होता. योजना आखणाऱ्यांच्या मते प्रमाणपत्र पाहून मालकाचा विश्वास बसणार होता. प्रशिक्षकांना विचारले, तर ते म्हणाले की एका वर्गात बसलेली मुले एकमेकांना कामाच्या जागा सांगतात, खरा उपयोग तिथेच होतो. ही तीन वेगळी कारणे आहेत, ती तपासायला तीन वेगळे निर्देशक लागतात, आणि आम्ही मोजत होतो फक्त हजेरी.

आणखी एक गोष्ट. ही संदिग्धता पुष्कळदा अज्ञानातून येत नाही. सिद्धांत स्पष्ट लिहिला की मतभेद उघड होतात आणि मतभेद उघड झाले की मंजुरी अडते, म्हणून मधला रस्ता कोरा ठेवला जातो. शोधयात्रींच्या लॉगफ्रेममधील कोऱ्या जागेकडे त्या दृष्टीनेही पाहावे. ती कोणी तरी समजून-उमजून सोडलेली असू शकते.

मध्यममान

तर्कदीप यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि माझे आधीचे म्हणणे मी थोडे बदलतो.

आमच्याच संख्याशास्त्रातली एक आठवण त्यांच्या बाजूने जाते. प्रयोग करता येत नाही, नुसते निरीक्षणच हाती असते, तेव्हा सहसंबंधाकडून कार्यकारणाकडे कसे जावे, असे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना एका बैठकीत विचारले गेले होते. त्यांनी उत्तर दिले की आपले सिद्धांत विस्तृत करा. विल्यम कॉक्रन यांनी १९६५ साली ही आठवण नोंदवली आणि तिचा अर्थही उलगडून सांगितला: सिद्धांत खरा असेल तर आणखी काय काय दिसायला हवे, अशी जितकी निरनिराळी भाकिते काढता येतील तितकी काढावीत आणि प्रत्येक भाकीत तपासावे. एका आकड्याशी जुळणारी कहाणी रचणे सोपे आहे. आठ निरनिराळ्या ठिकाणी खोटी ठरू शकेल अशी कहाणी आठही ठिकाणी टिकणे अवघड आहे, आणि म्हणूनच ती टिकली तर तिला वजन येते.

तेव्हा शोधयात्री, मागाहून सिद्धांत लिहायचाच असेल, तर अजून न पाहिलेल्या नोंदींविषयी भाकिते करा, ती कागदावर तारखेनिशी लिहा आणि मगच नोंदी उघडा.

वाचनवेडी

मी शिक्षिका आहे. वरची चर्चा दोनदा वाचली आणि एक प्रश्न विचारावासा वाटला. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई कोणी करायची असा नियम होता?

हे विचारण्याचे कारण सांगते. आमच्या शाळेत असाच एक पुस्तकसंच आला होता. त्याची नोंदवही मला आजही डोळ्यांसमोर दिसते. प्रत्येक पानावर मुलांची नावे, पुस्तकांचे क्रमांक, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख, सारे नीट भरलेले. पण आठवड्याच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बसणीत भरलेल्या असायच्या आणि परत आल्याच्या तारखा ओळीने सारख्या. पुस्तके कपाटात होती. त्यांची पाने एकमेकांना चिकटलेली होती, कारण ती कधी कोणी उलटलीच नव्हती. पुस्तक हरवले तर वर्गशिक्षकाकडून वसुली, असा नियम होता आणि वर्षअखेरीस मोजणी होत असे. आम्ही कोणी कामचुकार नव्हतो. तो नियम पुस्तक कपाटात ठेवायलाच सांगत होता.

मूल्यमापन करणारे आले तेव्हा त्यांनी नोंदवही पाहिली आणि "पुस्तके घरी गेली" या रकान्यात बरोबरची खूण केली.

शोधयात्री

वाचनवेडी, तुमचा प्रतिसाद वाचून मी कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना पुन्हा काढल्या. भरपाईचा नियम आहे, आणि तो वर्गशिक्षकावरच आहे. परिशिष्टात, एका ओळीत. मी तो याआधी वाचला असणार, पण तो सिद्धांताचा भाग आहे असे माझ्या मनातही आले नव्हते.

मध्यममान यांचा सल्ला पाळतो. शाळांतल्या नोंदवह्या आम्ही अजून पाहिलेल्या नाहीत, फक्त त्यांचे मासिक गोषवारे पाहिले आहेत. आज चार भाकिते लिहून एका सहकाऱ्याकडे बंद पाकिटात देतो. नियमामुळे पुस्तके अडली असतील, तर नोंदींच्या तारखा गठ्ठ्याने सारख्या असतील, पुस्तके नव्यासारखी असतील, हरवल्याची नोंद जवळजवळ नसेल, आणि मुलांना पुस्तकातली एखादी गोष्ट सांगायला लावली तर सांगता येणार नाही. यातले शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते कागदावर अवलंबून नाही.

तर्कदीप

"हरवल्याची नोंद जवळजवळ नसेल" हे भाकीत मला फार आवडले. सामान्य देखरेखीत शून्य हरवणे हे यशाचे लक्षण मानले जाते. सिद्धांत हाती असला की तोच आकडा धोक्याची खूण ठरतो.

आडवाट

थोडे वेगळे बोलतो. या सगळ्यात "यंत्रणा", म्हणजे परिणाम नेमका कोणत्या वाटेने घडतो ते, हा शब्द आला नाही याचे नवल वाटते. रे पॉसन आणि निक टिली यांनी १९९७ साली वास्तववादी मूल्यमापनाची मांडणी केली, तिचा गाभा असा की कार्यक्रम काही करत नाही, माणसे करतात. कार्यक्रम त्यांच्यापुढे काही साधने आणि काही कारणे ठेवतो, आणि ती घेऊन माणसे परिस्थितीप्रमाणे वागतात. वाहनतळावर कॅमेरे लावल्याने चोऱ्या कमी होतात का, हे त्यांचे गाजलेले उदाहरण आहे. कॅमेरा काही चोराचा हात धरत नाही. चोर पकडला जातो म्हणून चोऱ्या कमी होतील, किंवा पकडले जाण्याच्या भीतीने तो दुसरीकडे जाईल, किंवा कॅमेऱ्यामुळे वाहनतळाचा वापर वाढून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर राहील, किंवा फलक पाहून वाहनमालक दार नीट लावतील. प्रत्येक यंत्रणा वेगळ्या परिस्थितीत चालते आणि वेगळी खूण मागे ठेवते.

म्हणून मी शोधयात्रींना "कार्यक्रम चालतो का" हा प्रश्नच बदलायला सांगेन. कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि कशामुळे चालतो, असे विचारावे. काही शाळांत पुस्तके घरी गेली असतीलच. त्या शाळांत काय निराळे होते?

मध्यममान

सावध करतो. ज्या शाळांत पुस्तके घरी गेली त्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत. तिथले मुख्याध्यापक, पालक, सारेच निराळे असू शकेल. तिथल्या मुलांचे गुण चांगले दिसले, तरी ते पुस्तकांमुळे आहेत असे म्हणता येणार नाही. यंत्रणा कळण्यासाठी त्या शाळा जरूर पाहा, पण परिणामाचा आकडा तिथून काढू नका.

माजी प्रशासक

याच धाग्यात लहान वर्गांचे उदाहरण यायला हवे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे चाललेल्या स्टार प्रयोगात मुलांना चिठ्ठ्या टाकून लहान आणि नेहमीच्या वर्गांत घातले होते. लहान वर्गात १३ ते १७ मुले होती, नेहमीच्या वर्गात २२ ते २५. लहान वर्गांतल्या मुलांची प्रगती चांगली दिसली. ते पाहून कॅलिफोर्नियाने १९९६ साली राज्यभर खालचे वर्ग २० मुलांपर्यंत आणण्याचा निर्णय घेतला. एकाच वेळी सगळीकडे वर्ग वाढवायचे म्हणजे हजारो नवे शिक्षक लागणार, आणि नव्या खोल्याही. पुरेशी पात्रता नसलेले शिक्षक घ्यावे लागले, इतर उपयोगाच्या खोल्या वर्गांना द्याव्या लागल्या, आणि टेनेसीत दिसला तसा फायदा तिथे ठामपणे दाखवता आला नाही.

टेनेसीच्या सिद्धांतात "शिक्षक चांगला आहे आणि खोली उपलब्ध आहे" हे न लिहिलेले गृहीतक होते. प्रयोग लहान असल्याने ते आपोआप पुरे झाले. प्रयोग चोख होता. राज्यभर नेताना मात्र हे गृहीतक कागदावर असते, तर कोणी तरी विचारले असते की इतके शिक्षक आणायचे कुठून.

निळी शाई

भाकिते खरी ठरली असे धरले, तर शोधयात्रींच्या कार्यक्रमातली चूक अंमलबजावणीची म्हणायची की सिद्धांताची? पुस्तके वाटली गेली नाहीत, म्हणजे अंमलबजावणी फसली. सिद्धांत सुटला.

तर्कदीप

मी तसे म्हणणार नाही. अंमलबजावणी फसली म्हणताना आपण गृहीत धरतो की राबवणाऱ्यांनी नीट राबवले असते तर चालले असते. इथे शिक्षक नियमाप्रमाणेच वागले. "शिक्षक पुस्तके घरी जाऊ देईल" ही साखळीची पहिली कडी होती आणि भरपाईचा नियम तिच्याच विरुद्ध काम करत होता. ही आखणीतली चूक आहे. ती अंमलबजावणीच्या नावावर टाकली, तर अहवालात "शिक्षकांना अधिक प्रशिक्षणाची आवश्यकता" असे वाक्य येईल आणि नियम तसाच राहील.

मात्र निळी शाई यांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे. सोबतीने वाचल्यावर वाचनक्षमता वाढते, ही पुढची कडी या कार्यक्रमात तपासलीच गेली नाही. ती खरी की खोटी, याविषयी या निकालावरून काहीच बोलता येत नाही.

वाचनवेडी

तर्कदीप, तुमच्या प्रशिक्षणाच्या वाक्यासाठी मनापासून आभार. आमच्या शाळेच्या अहवालात शब्दशः तेच लिहिले होते.

शोधयात्री

दोन महिन्यांनी परत आलो आहे. जे झाले ते सांगतो.

अकरा शाळांना भेटी दिल्या. आठ शाळांत चारही भाकिते खरी ठरली. एका शाळेत कपाटातून काढलेल्या पुस्तकाचे पान उलटताना जोडलेल्या कडा सुटल्याचा बारीक आवाज आला आणि मला वाचनवेडींच्या प्रतिसादाची आठवण झाली. तिथल्या शिक्षकांनी काहीही लपवले नाही. विचारणारे कोणी आले म्हणून त्यांना बरेच वाटले.

उरलेल्या तीन शाळांत पुस्तके खरोखर फिरली होती. कोपरे दुमडलेले, पानांवर पेन्सिलीच्या रेघा, एका पुस्तकाचे मुखपृष्ठ सुईदोऱ्याने शिवलेले. तिन्ही ठिकाणी मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांना आपल्या शब्दावर सांगितले होते की हरवले तर मी बघून घेईन. मध्यममान यांनी बजावल्याप्रमाणे या तीन शाळांच्या गुणांची तुलना मी अहवालात केलेली नाही.

"बंद की चालू" याचे उत्तर मी असे लिहिले आहे: या निकालावरून घरी वाचनाची कल्पना फसली असे म्हणता येत नाही, कारण बहुतेक शाळांत ती वापरलीच गेली नाही, आहे त्या नियमांसह कार्यक्रम पुढे चालवणे मात्र निरर्थक आहे. वसुलीचा नियम काढावा, काही पुस्तके हरवणार हे खर्चात धरावे, निम्म्या शाळांत चिठ्ठ्या टाकून पुन्हा सुरुवात करावी, आणि सिद्धांत त्याआधी लिहून जमा करावा. निधी देणाऱ्यांनी हे तत्त्वतः मान्य केले आहे.

आता तो सिद्धांत लिहायला बसलो आहे आणि एका बाणावर वाक्य सुचत नाही. "पुस्तक घरी गेले" आणि "मुलासोबत कोणी वाचले" यांच्यामध्ये आमचा आराखडा पालकांची बैठक दाखवतो. त्या तीन शाळांतील मुलांना मी विचारले की घरी कोणासोबत वाचलेस. आईवडिलांचे नाव फार थोड्यांनी घेतले.

वाचनवेडी

मोठी बहीण किंवा भाऊ. माझ्या वर्गातही तेच आहे. ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांना दर महिन्याला बोलावून "मुलासोबत वाचा" असे सांगितले की ते मान खाली घालतात आणि पुढच्या बैठकीला येत नाहीत. वरच्या वर्गातल्या भावंडांना बोलावून पाहा.

तर्कदीप

बांगलादेशातली सासू इथे मोठ्या बहिणीच्या रूपाने भेटली.

शोधयात्री

बाणावर लिहिले: "कारण घरात वाचता येणारे मोठे भावंड आहे आणि त्याला वेळ आहे." यातला दुसरा भाग मला साशंक करतो. आधाररेखेच्या, म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याआधीची स्थिती टिपणाऱ्या, प्रश्नावलीत संध्याकाळी मोठे भावंड काय करत असते, हा प्रश्न आजच घालतो.